पंख्याखालचं पावणं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी छबूआत्तीचं नाव घेतो. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते सोडून. छबूआत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शिक्षण सातवी पास, मुक्काम कसबा बावडा, आणि तोंडात कायम एकच प्रश्न: "झाकण लावलंस का?" हा प्रश्न ती कुणाला आणि का विचारते ते पुढं येईलच. आधी तिच्या घरातल्या पावण्याबद्दल सांगतो.

बारावी झाल्यावर मी मुरगूडहून पत्र्याची ट्रंक घेऊन तिच्याकडं राहायला आलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वडील पोचवायला येणार होते, पण ऐन दिवशी म्हैस व्यायली, त्यामुळं एस.टी.नं एकटाच आलो. दारात उभा राहून हाक मारणार, तोच आत्ती तोंडावर बोट ठेवून बाहेर आली.

"हळू. पावणं हायत आत. चपला तितंच काढ. पाय धू. घोट्यापातूर धू, नुसतं पाणी दावू नगंस."

मी पाय धुतले. केस विंचरले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि सोप्यात ट्रंकेवर बसून राहिलो. बराच वेळ झाला तरी आतून कुणाच्या बोलण्याचा आवाज येईना. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आत्ती चहा घेऊन आली तेव्हा मी हळूच विचारलं, "कुठलं म्हणायचं पावणं?"

"मुंबैकडचं."

"झोपल्यात?"

"झोपूनच असत्यात. परवीण आला की उठत्यात."

चहा झाल्यावर तिनं मला आत नेलं. पुढच्या खोलीत मधोमध एक टेबल होतं. त्यावर तीन वस्तू अंगडी घालून बसल्या होत्या. एक मोठी, एक आडवी आणि एक चपटी. अंगड्यांवर रंगीत दोऱ्यांचं भरतकाम होतं. मोठ्या अंगड्याच्या कोपऱ्यात दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट होती. आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन, ऐन उकाड्यात, त्या तिघांवर वारा घालत होता. आत्तीच्या कपाळावरून घाम गळत होता.

तो कॉम्प्युटर होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, तोही कपड्यांत.

आत्तीचे यजमान, म्हणजे माझे मामा, साखर कारखान्यात फिटर होते. मुलगा प्रवीण, माझा आतेभाऊ, इंजिनीअर व्हावा म्हणून त्यांनी तो आणला होता. बावड्याच्या त्या गल्लीतला पहिला. पण आणल्यावर वर्षभरातच प्रवीणला पुण्याला प्रवेश मिळाला आणि कॉम्प्युटर एकटाच घरी राहिला. तेव्हापासून मामांचा नियम एकच होता. तो त्यांनी मला पहिल्याच रात्री जेवताना सांगितला.

"मशीनवर बाईमाणसाचा हात पडला की मशीन बिघडतंय. बत्तीस वर्सं कारखान्यात हाय मी. तू गडी माणूस हाईस, तू बस खुशाल. परवीण येईपातूर चालू ऱ्हाईल तेवढंच."

स्वयंपाकघरातून आत्तीचा आवाज आला. "मग शिलाई मशीन काय गाय हाय का? वीस वर्सं मीच चालवतीया."

"ते येगळं."

"त्ये बी बिघडलंय का?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आमटी घे."

अशा रीतीनं ज्याला काहीच येत नव्हतं त्याला खुर्ची मिळाली.

पावण्याची बडदास्त मात्र आत्ती ठेवायची. सकाळी अंघोळ झाल्याशिवाय त्या खोलीत ती जात नसे. मऊ सुती फडक्यानं पुसायची, अंगडी झटकायची, पुन्हा घालायची. भाजीवाली दारात ओरडली की म्हणायची, "हळू गं, पावणं हायत," आणि भाजीवाली वर्षभर त्या घराशी कुजबुजत वांगी विकत होती. शेजारच्या काकू तर डोक्यावर पदर घेऊनच यायच्या. गणपतीत आरतीचे टाळ सोप्यात वाजवायचे, आत नाही. पावण्याला धक्का बसतो.

दुपारी मी कॉलेजातून यायचो तेव्हा ती टेबलाशी स्टूल घेऊन बसलेली असायची. चपट्या अंगड्यावर तिची बोटं फिरत असायची, डोळे मिटलेले. सुट्टीच्या दिवशी मामांनीही हे कितीदा तरी पाहिलं होतं. ते म्हणायचे, "धूळ चाचपतीया. निम्मा जलम ह्या बाईचा धूळ चाचपण्यात गेला."

मी खुर्चीत बसायचो ते नुसता बसायचो. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि एक छोटी रेघ लुकलुकत राहायची. ती रेघ माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं. मुरगूडच्या शाळेत मला इंग्रजीत बरे गुण होते, पण या यंत्राला काय लिहिलं म्हणजे राग येणार नाही हे कुठल्याच धड्यात नव्हतं. अर्ध्या तासानं मी ते बंद करून टाकायचो. मामा विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चांगलं."

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. मामांनी पान्हे, हातोड्या, विळा, खुरपं सगळं पाटावर मांडलं. आत्तीनं शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली. शेवटी मामा पावण्याकडं वळले. ही पूजा पुरुषानंच करायची, म्हणून त्यांनी स्वतः तिन्ही अंगडी उतरवली आणि मोठ्या भक्तिभावानं हळदकुंकू लावलं. आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं. आणि ओल्या कुंकवात भिजवलेल्या मूठभर अक्षता अशा जोरानं टाकल्या की लग्नाचा मंडप असता तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्या असत्या. त्या सगळ्या कीबोर्डवर पडल्या. बटणांच्या फटींतून आत गेल्या, तिथं कुंकवाचा चिकटा धरून बसल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी मामांनी सीमोल्लंघनाहून आल्यावर मला आपट्याचं पान दिलं आणि म्हणाले, "आजच्या शुभ दिवशी जरा चालू कर." मी चालू केलं. एक बटण दाबलं तर त्याच अक्षराची रांगच्या रांग पडद्यावर धावत सुटली. दुसरं दाबलं तर ते आत गेलं ते वर आलंच नाही.

मामांचा चेहरा पडला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"काय दाबलंस तू, दत्ता?"

"काय न्हाय मामा."

"काय न्हाय कसं? चार महिनं तूच बसतूयास त्येच्यावर. परवीण दिवाळीला येणार. त्येला काय सांगू मी?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या बाला निरोप धाडतो. हॉस्टेलचं काय तरी बघा म्हणावं."

हॉस्टेल आमच्या आवाक्यात नव्हतं, हे मामांना माहीत होतं आणि मलाही. हॉस्टेल म्हणजे मुरगूडला परत, आणि म्हैस. त्या रात्री मी ट्रंक भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेले. गळीत हंगामाच्या आधीची दुरुस्ती चालली होती, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. आत्तीनं पुढचं दार लोटलं, शिलाई मशीनच्या पेटीतला लहान स्क्रू ड्रायव्हर काढला, कीबोर्डची वायर उपटली आणि तो घेऊन खाली चटईवर बसली.

"आत्ती, काय करतीस?"

"तांदूळ निवडतीया. ताट आण."

मी ताट आणलं. तिनं एकेक बटण टोक घालून अलगद उचकटलं आणि ताटात ओळीनं मांडलं. आत लालभडक अक्षता दिसत होत्या. मशीन साफ करायच्या ब्रशनं आणि कोंबडीच्या एका पिसानं तिनं त्या झाडल्या, चिकटा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. तासाभरात वाटीभर नाही तरी चमचाभर तांदूळ निघाले असतील. मला इतका आनंद झाला की ताट उन्हात ठेवावं म्हणून मी झटक्यात उचललं. माझा पाय चटईच्या कडेत अडकला, आणि शंभरावर बटणं खोलीभर उधळली.

आम्ही दोघांनी रांगून ती गोळा केली. एकही हरवलं नाही. पण कुठलं कुठं बसवायचं? ए, बी, सी अशा क्रमानं बसवावीत असं मी सुचवलं.

"तसं नसतंय त्ये," आत्ती म्हणाली. "त्या लोकास्नी बाराखडी कुणी शिकवली देव जाणं. ए च्या शेजारी एस घातलाय."

ती उठली, चपटं अंगडं घेऊन आली आणि चटईवर पसरलं. चार महिने मी ते रोज बघत होतो. मला ती नक्षी वाटायची. जवळून पाहिल्यावर कळलं की ते बारीक बारीक चौकोन होते, टाके मोजून घातलेले, आणि प्रत्येक चौकोनात साखळी टाक्यानं एक इंग्रजी अक्षर काढलं होतं. वरच्या ओळीत आकडे. खालचा लांब पट्टा सुद्धा होता, हिरव्या दोऱ्याचा. कुठलाही चौकोन खऱ्या बटणापेक्षा मोठा नव्हता की लहान नव्हता.

आत्ती बटणं उचलून त्या अक्षरांवर ठेवत गेली, सोंगट्या मांडाव्यात तशी.

"परवीण शिकायचा तवा मी च्या घिऊन उभी ऱ्हायची," ती म्हणाली. "च्या निवंस्तोवर बघायची. त्येला गार च्या लागायचा न्हाय, मग मी परत करून आणायची, परत उभी. पुसताना खडूनं माप घेटलं. तुझं मामा म्हणत्यात यंत्राला हात लावायचा न्हाय. कापडाला न्हवं."

तेव्हा मला समजलं की दुपारी डोळे मिटून ती धूळ चाचपत नव्हती.

मग तिथून एकेक उचलून कीबोर्डवर बसवलं. शेवटचं बटण बसवत असतानाच मामा दारात उभे राहिले. चष्मा विसरला म्हणून परत आले होते. चटई, स्क्रू ड्रायव्हर, उघडा कीबोर्ड, मी, आत्ती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"कुणी उघडलं ह्ये?"

मी आत्तीकडं पाहिलं. तिनं पटकन पदर खोचला आणि उठली.

"दत्तानं. तुमच्या अक्षता निघाल्यात आत, त्या बघा. गडी माणूस हाय, म्हणून जमलं."

मामांनी चटईवरचे लाल तांदूळ पाहिले. वायर लावून चालू केलं, दोनचार बटणं दाबली. सगळी अक्षरं शहाण्यासारखी एकेक करून आली. मामांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी अंगड्यावरच पडलो.

"म्हटलं न्हवतं? पुरुषाचा हात लागाय पायजे."

मला तेव्हा बोलता आलं असतं. मी बोललो नाही. ट्रंक कोपऱ्यात भरलेली होती, ती मला दिसत होती. मामा चष्मा घेऊन गेले आणि आत्तीनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

"दत्त्या, आता तुला खरंच शिकाय लागंल. न्हायतर माझं सांगणं खोटं पडंल."

त्या दिवसापासून तीन वर्षं, मामा कामावर असताना, मी तिच्या हाताखाली शिकलो. खुर्चीवर मी, स्टुलावर ती. तिची पद्धत स्वयंपाकघरातली होती. फाईल म्हणजे डबा. डब्यावर नाव लिहिलं नाही तर सोडा कुठला आणि मीठ कुठलं कळायचं नाही. एका डब्यात दुसरा डबा ठेवता येतो, पण आधी मोठा उघडावा लागतो. आणि काम जतन केल्याशिवाय उठायचं नाही. त्याला ती झाकण लावणं म्हणायची. लाईट बावड्यात कधीही जायची, म्हणून दर पाच मिनिटांनी विचारायची, "झाकण लावलंस का?" आधी मी अंगड्यावर शिकायचो, मग खऱ्या बटणांवर. अंगड्यावर चूक झाली तर ती बोटावर टिचकी मारायची.

मी पदवीधर झालो. गडहिंग्लजच्या एका कॉलेजात कारकुनाची जागा निघाली, ती मुख्यतः कॉम्प्युटर येतो म्हणून मला मिळाली. मुलाखतीत एका साहेबांनी कौतुकानं विचारलं, "खेड्यातून आलात, कॉम्प्युटर कुठं शिकलात?"

मी म्हणालो, "आतेभावाकडं. तो इंजिनीअर आहे."

का म्हणालो? सातवी शिकलेल्या बाईनं, कापडावर, असं सांगितलं तर हे लोक हसतील, असं वाटलं. घरी येऊन मी हे उत्तर सांगितलं आणि मामांनी ही गोष्ट सगळ्या बावड्याला सांगितली. परवीणनं दत्ताला शिकवलं, दत्ता साहेब झाला. आत्ती पेढ्यांचं ताट घेऊन शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "तोंड गोड करा."

पुढं प्रवीण नोकरीला लागला आणि तिकडंच राहिला. मामा निवृत्त झाले. जुना कॉम्प्युटर जाऊन नवा आला, सडपातळ, जुन्या अंगड्याच्या निम्म्यात मावेल असा. मामांना पेपर वाचायला डोळे साथ देईनात. तेव्हा एक दिवस आत्ती सरळ जाऊन खुर्चीत बसली आणि प्रवीणला मामांचं पत्र टाईप करायला लागली. मी त्या दिवशी तिथंच होतो. मामा सांगत होते, ती लिहीत होती, त्यांच्या बोलण्यापेक्षा वेगानं. थोड्या वेळानं मामा थांबले, तिच्या बोटांकडं बघत राहिले. मग उठले आणि पंखा तिच्याकडं फिरवला. पुन्हा बसले आणि म्हणाले, "हं, कुठं होतो आपुन?"

आता आत्ती सत्तरी ओलांडून गेली आहे. गल्लीतल्या बायका अर्ज भरायला, मुलांचे निकाल बघायला, तिकीट काढायला तिच्याकडं येतात. दारात चपला काढून, पाय धुऊन. नव्या सुना हसतात, पण धुतात.

गेल्या दिवाळीत मी तिला इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "आत्ती, तू त्याला पावणं का म्हणायचीस गं? गंमत म्हणून?"

ती करंज्यांना मुरड घालत होती. मान वर न करता म्हणाली, "परवीणचं मशीन म्हटलं असतं तर मी त्या खोलीत कशाला गेले असते? मला कोण जाऊ देणार? पावणं म्हटल्यावर मग? पावण्याचं कुणी बघायचं? बाईनंच की. पुसायचं, झाकायचं, जवळ बसायचं. तुझ्या मामास्नी बी नगं म्हणता येईना."

"मामांना कळलं का कधी? तांदळाचं?"

"मी सांगितलं न्हाय. त्यांनी इचारलं न्हाय." तिनं करंजी ताटात ठेवली. "तू मातर सायबास्नी सांगशील वाटलं हुतं. असू दे. पोटापाण्याचा परश्न हुता तुझा."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी हातातली करंजी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी मुरड घालायला बसलो.

यंदा मुरगूडला माझ्या जुन्या शाळेत मुलींसाठी कॉम्प्युटरची खोली झाली. गावात सगळ्यात आधी कॉम्प्युटर शिकलेला म्हणून मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं आलं. मी मुख्याध्यापकांना भेटून थोडा बदल सुचवला. त्यांनी मानला. मग मी आत्तीला पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थस्वरूप सौ. छबूआत्तीस,

दत्ताचा साष्टांग नमस्कार.

सोबत कार्यक्रमाची पत्रिका पाठवली आहे. चष्मा लावून नीट वाच. प्रमुख पाहुण्या म्हणून जे नाव छापलंय ते चुकून छापलेलं नाही. मी स्वतः दोनदा तपासलं.

तिथं मी दहाच मिनिटं बोलणार आहे. मला कुणी शिकवलं ते सांगणार आहे. अक्षता कुणी काढल्या तेही सांगणार आहे. बटणं कुणी सांडली, हेसुद्धा. ज्या साहेबांनी मला नोकरी दिली त्यांना मी गेल्या आठवड्यात घरी जाऊन भेटलो. ते आता खूप थकलेत. त्यांना खरं सांगितलं. ते हसतील असं मला तेव्हा वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, ते कापड मला बघायला मिळेल का? तेही येणार आहेत.

मामांना घेऊन ये. त्यांना आधी सांगायचं की तिथंच कळू द्यायचं, ते तू ठरव. मला वाटतं, त्यांना पंखा फिरवला त्या दिवसापासून माहीत आहे.

चपटं अंगडं आठवणीनं आण. मुली चाळीस आहेत आणि कॉम्प्युटर दहा, त्यामुळं एक कॉम्प्युटरवर बसली की बाकीच्या तिघी तिघी तोपर्यंत कशावर शिकणार हा प्रश्न होता. मी गावातल्या शिंप्याला विचारलंय. तुझ्या अंगड्यावरून माप घेऊन तीस काढून देतो म्हणाला.

एस.टी. दुपारी पोचेल. मी स्टँडवर असेन. या वेळी पावणं तू आहेस. पाय धुवायला पाणी मी काढून ठेवतो.

पत्र लिहून झालं. झाकण लावलं.

तुझा,
दत्ता